सॉफ्टवेअरच्या इंग्रजी सूचना: नेमका शब्द निवडायचा कसा

जिनिंग, दालमिल, वजनकाटा, केळीचा व्यापार, पतसंस्था अशा गिऱ्हाइकांसाठी जळगाव-धुळ्याकडे जी सॉफ्टवेअर पॅकेजेस बनतात, त्यांचा पडदा बहुतेक वेळा इंग्रजीतच असतो. तेच पॅकेज उद्या बऱ्हाणपूरला किंवा सुरतेला द्यायचं असतं. पडदा इंग्रजी, म्हणून सूचनाही इंग्रजी. त्या लिहितो कोण? ज्याने कोड लिहिला तोच, डिलिव्हरीच्या आदल्या रात्री.

मग सपोर्टला फोन सुरू होतात. 'कॅन्सल दाबलं तर बिल कॅन्सल होईल का नुसता बॉक्स जाईल?' 'इथे शुड लिहिलंय, म्हणजे नाही केलं तरी चालेल ना?' यातले बरेचसे फोन सॉफ्टवेअर बिघडल्याचे नसतात, शब्द चुकल्याचे असतात. व्याकरण कच्चं असणं ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण अशी की मराठीत 'बंद करा', 'काढा', 'टाका' ही क्रियापदं प्रत्येकी पाच-सहा कामं करतात आणि लिहिणारा त्या सगळ्यांसाठी डोक्यात येईल तो पहिला इंग्रजी शब्द लिहून मोकळा होतो. म्हणून वाक्यांच्या आधी क्रियापदं ठरवायची. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत आणि तो क्रम मोडू नका.

## तयारी: लिहायला बसण्याआधी

सॉफ्टवेअर उघडं ठेवा, आठवणीतून लिहू नका. चाचणीसाठी वेगळी कंपनी तयार करा, तिच्यात चार-पाच खोट्या पार्ट्या आणि काही बिलं भरा.

मग लॉग इन करा, पण अॅडमिन म्हणून नाही, ऑपरेटर म्हणून. ही चूक फार होते. लिहिणाऱ्याच्या पडद्यावर सगळे मेनू दिसतात आणि तो बिनधास्त लिहितो, 'ऑन द सेटिंग्ज टॅब, क्लिक रेट मास्टर.' काट्यावरच्या पोराला सेटिंग्ज हा टॅबच दिसत नाही. तो मेनू शोधत बसतो, मागे ट्रकची लाइन लागते.

वाचणारा कोण, हे एका ओळीत लिहून समोर ठेवा. 'दोंडाईच्याच्या मिरची व्यापाऱ्याचा मुनीम, दहावीपर्यंतचं इंग्रजी, कीबोर्ड सराईत, माउस कमी वापरतो.' किंवा 'पतसंस्थेच्या काउंटरवरची मुलगी, बी.कॉम., दिवसभर हेच काम.' दोघांसाठी शब्द तेच राहतील, पण कुठली पायरी सोडायची आणि कुठली सांगायची, हे या ओळीवरून ठरतं.

शेवटची तयारी म्हणजे इंग्रजी सूचना कशा लिहाव्यात, कुठला शब्द वापरावा हे सांगणारी एक मार्गदर्शिका निवडणं. मायक्रोसॉफ्टची आणि गूगलची, दोन्ही नेटवर फुकट वाचता येतात. कुठलीही एक घ्या. दोन्हींचं मिश्रण नको, कारण काही शब्दांवर त्यांचं आपसात पटत नाही.

तपासा: चाचणीच्या कंपनीत ऑपरेटरच्या लॉगिनने एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करून झालं का? झालं नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: पडद्यावरची नावं जशीच्या तशी उतरवा

एका वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक बटनाचं, टॅबचं आणि बॉक्सचं नाव उतरवा. बटनावर 'सेव्ह अँड प्रिंट' असेल तर सूचनेतही 'सेव्ह अँड प्रिंट'च. तिथे 'सेव्ह बटन' लिहिलं की वाचणारा दुसरं बटन शोधू लागतो. कॅपिटल अक्षरंसुद्धा पडद्यावर आहेत तशीच ठेवा.

बटनावरचं स्पेलिंग चुकलेलं आढळलं तर सूचनेत गुपचूप सुधारू नका. प्रोग्रामरला सांगा, आधी बटन दुरुस्त होऊ द्या.

नावासोबत त्या वस्तूचा प्रकारही लिहा: बटन, टॅब, लिस्ट, चेकबॉक्स, नुसता बॉक्स. सगळ्याला 'ऑप्शन' म्हणायची आपल्याकडे सवय आहे. 'गो टू रेट ऑप्शन' वाचून तो टॅब आहे, लिस्ट आहे का चेकबॉक्स, काही कळत नाही.

उतरवताना एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. काही बटनांची नावंच गोंधळाची आहेत. पतसंस्थेच्या पॅकेजमधला हा नमुना पाहा. सभासदाच्या खात्याचा पडदा उघडा आहे, खाली उजवीकडे बटन आहे 'क्लोज'. हे दाबल्याने पडदा बंद होणार का खातं? बँकिंगच्या भाषेत 'क्लोज' म्हणजे खातं बंद करणं, विंडोजच्या भाषेत 'क्लोज' म्हणजे खिडकी बंद करणं. काउंटरवरची मुलगी दोन्ही भाषा जाणते, म्हणूनच तिचा हात थबकतो. अशा ठिकाणी मॅन्युअलमध्ये दोन ओळींचं स्पष्टीकरण देऊन भागत नाही. बटनच बदलून घ्या: एक 'क्लोज अकाउंट', दुसरं 'बॅक'.

सावधान: लेबल बदलायचं असेल तर आत्ताच. सूचना लिहून झाल्यावर बदललं की प्रत्येक पानावर ते शोधत बसावं लागतं आणि एक तरी सुटतंच.

## टप्पा २: क्रियापदांची यादी बांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डाव्या रकान्यात आपण तोंडाने जे मराठी म्हणतो ते, उजव्या रकान्यात त्या त्या प्रसंगाचं इंग्रजी क्रियापद. एका कामाला एकच शब्द, आणि एकदा ठरला की सगळ्या पानांवर तोच. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा आला की गुण कापायचे. इथे उलट आहे. एका पानावर 'डिलीट', दुसऱ्यावर 'इरेझ', तिसऱ्यावर 'रिमूव्ह' लिहिलं की वाचणाऱ्याला ही तीन वेगळी कामं वाटतात.

### 'बंद करा'

- खिडकी, फाइल, रिपोर्टचा पडदा: 'क्लोज'
- पूर्ण प्रोग्रामातून बाहेर पडणं: 'एक्झिट'
- कॉम्प्युटर: 'शट डाउन'
- सेटिंग, टॉगल, एसएमएसची सोय, प्रिंटर: 'टर्न ऑफ'
- चालू असलेलं काम, उदाहरणार्थ लांबलचक रिपोर्ट, मध्येच थांबवणं: 'स्टॉप'
- भरलेलं न ठेवता मागे येणं: 'कॅन्सल'
- नोकरी सोडून गेलेल्या ऑपरेटरचं लॉगिन: 'डीअॅक्टिव्हेट'

'क्लोज द प्रिंटर', 'क्लोज द एसएमएस' हे आपल्या मराठीतून थेट उतरलेलं इंग्रजी आहे आणि ते आपल्या बाजूच्या मॅन्युअलमध्ये सर्रास सापडतं. 'डिसेबल' हा शब्द प्रोग्रामरला आवडतो. मायक्रोसॉफ्ट तो टाळायला सांगते आणि माझंही तेच मत आहे. 'टर्न ऑफ' मुनिमालाही कळतं.

### 'काढा'

बिलातून एक ओळ काढली तरी तो माल मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, शिल्लक असतो. तिथे 'रिमूव्ह'. पार्टीची नोंद कायमची गेली तर 'डिलीट'. हा फरक पाळलाच पाहिजे, कारण 'रिमूव्ह' म्हणजे परत आणता येतं असा वाचणाऱ्याचा समज होतो आणि तो रास्त आहे. चेकबॉक्समधली टिक काढायची असेल तर 'क्लिअर'. 'अनचेक' किंवा 'अनटिक' बोलण्यात चालतं, लिहिताना नको. बॉक्समधला मजकूर पुसायचा तरी 'क्लिअर'च. प्रिंट काढायची तर 'प्रिंट', खात्यातून पैसे काढायचे तर 'विथड्रॉ', रिपोर्ट एक्सेलमध्ये काढायचा तर 'एक्स्पोर्ट'. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, काढायची तर 'क्रिएट', आणि बटनावर 'जनरेट' असेल तर 'जनरेट'.

### 'टाका'

रक्कम किंवा नंबर टाकायचा: 'एंटर' किंवा 'टाइप'. नवी ओळ, नवी पार्टी: 'अॅड'. पेन ड्राइव्ह: 'इन्सर्ट' किंवा 'प्लग इन'. फोटो टाकायचा असेल तर 'अपलोड'. 'पुट द अमाउंट' कुठेच नको.

'एंटर'मध्ये एक खड्डा आहे. 'एंटर द रेट अँड प्रेस एंटर' या ओळीत एकच शब्द दोन अर्थांनी येतो. कीबोर्डवर जगणाऱ्या आपल्या मुनिमांसाठी एंटरची कळ दर ओळीला लागते. म्हणून अशा पॅकेजमध्ये मी भरण्यासाठी 'टाइप' ठेवते आणि कळीसाठी नेहमी 'प्रेस द एंटर की' असं पूर्ण लिहिते.

### 'मारा' आणि 'दाबा'

कीबोर्डच्या कळीला 'प्रेस'. 'हिट' नको. माउसला 'क्लिक'. मोबाइलला 'टॅप'. पॅकेज संगणक आणि मोबाइल दोन्हींवर चालत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने सगळीकडे 'सिलेक्ट' ठेवलेलं बरं. नुसतं संगणकावर असेल तर गूगलसारखं 'क्लिक' खुशाल वापरा. टिक मारायची तर 'सिलेक्ट द चेकबॉक्स'.

'क्लिक ऑन सेव्ह' यातला 'ऑन' उडवा. 'क्लिक सेव्ह' पुरेसं आहे, दोन्ही मार्गदर्शिका तेच सांगतात. 'ऑन' आणि 'इन' जागा सांगायला राखून ठेवा. टॅब, पान, टूलबार यांना 'ऑन'. बॉक्स, लिस्ट, खिडकी यांना 'इन'.

### 'पाठवा' आणि 'जमा करा'

'सेव्ह', 'सबमिट', 'पोस्ट', 'फाइल' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्या कुठल्याही अकाउंटंटला विचारा. 'सेव्ह' केलेलं रिटर्न पुन्हा उघडून बदलता येतं. एकदा 'फाइल' केलं की तेच रिटर्न पुन्हा दुरुस्त करता येत नाही. तुमच्या पॅकेजमध्ये बदलता येणारा आणि न येणारा असे दोन टप्पे असतील तर त्यांना वेगळी क्रियापदं द्या आणि दुसऱ्याच्या आधी तसं स्पष्ट लिहा.

तपासा: यादीत एकाच इंग्रजी शब्दासमोर दोन वेगळी कामं आहेत का? एका कामासमोर दोन इंग्रजी शब्द? दोन्ही निस्तरल्याशिवाय टप्पा तीन सुरू करू नका.

## टप्पा ३: जोडायचं का तोडायचं

'लॉग इन' आणि 'लॉगिन', 'बॅक अप' आणि 'बॅकअप', 'सेट अप' आणि 'सेटअप'. क्रिया सांगायची तर दोन शब्द, वस्तूचं नाव सांगायचं तर एक. 'लॉग इन टू द सर्व्हर', पण 'युवर लॉगिन नेम'. 'बॅक अप द डेटा', पण 'कॉपी द बॅकअप टू अ पेन ड्राइव्ह'.

शंका आली तर भूतकाळ करून बघा. 'लॉग्ड इन' म्हणता येतं, 'लॉगिन्ड' म्हणता येत नाही. भूतकाळ झाला म्हणजे ती क्रिया, म्हणजे दोन शब्द. 'लॉग इन टू'मध्येही 'इन' आणि 'टू' वेगळे, 'इनटू' नाही.

'लॉग इन' ठेवायचं का 'साइन इन'? मायक्रोसॉफ्ट 'साइन इन' म्हणा म्हणते. माझ्या मते बटनावर जे छापलंय ते लिहा, वाद संपला.

## टप्पा ४: 'मस्ट', 'शुड', 'कॅन', 'मे'

आपल्याकडच्या सरकारी आणि ऑफिसच्या इंग्रजीत 'शुड' हा सभ्य हुकूम असतो. साहेब लिहितात 'द फॉर्म शुड बी सबमिटेड बाय फ्रायडे', आणि शुक्रवारनंतर फॉर्म घेत नाहीत. सॉफ्टवेअरच्या जगात हा शब्द तसा चालत नाही. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनी १९९७ साली आरएफसी २११९ या टिपणात हे पक्कं केलं: 'मस्ट' म्हणजे करायलाच हवं, 'शुड' म्हणजे शक्यतो करा, सबळ कारण असेल तर सोडू शकता, 'मे' म्हणजे ऐच्छिक.

आता वर्षअखेरीची ही सूचना वाचा: 'यू शुड टेक बॅकअप बिफोर इयर एंडिंग.' मुनीम काय समजेल? घेतला तर बरं. ३१ मार्चच्या रात्री तो नेमका तेवढाच सोडून देईल. ही ओळ सरळ आज्ञेत लिहा: 'बॅक अप द डेटा बिफोर यू क्लोज द इयर.'

तीन नियम पुरतात. करायलाच हवं असेल तर सरळ आज्ञा द्या, आणि नियम म्हणून सांगायचं असेल तर 'मस्ट' लिहा. करता येतं एवढंच सांगायचं असेल तर 'कॅन'. घडू शकतं असं सांगायचं असेल तर 'माइट'. 'मे' मॅन्युअलमधून काढूनच टाका, कारण 'यू मे सी अ वॉर्निंग' ही परवानगी आहे का शक्यता, हे वाचणाऱ्यावर सोडलं जातं.

थेट आज्ञा लिहायला आपल्या पोरांना अवघड वाटतं. मोठ्या व्यापाऱ्याला 'क्लिक सेव्ह' काय म्हणायचं, म्हणून आधी 'काइंडली', मागे 'प्लीज'. मॅन्युअलच्या इंग्रजीत आज्ञार्थ उद्धट वाटत नाही. तो आपल्या 'करा'सारखा आहे, 'कर'सारखा नाही. 'प्लीज' एकाच ठिकाणी शोभतं: चूक सॉफ्टवेअरची असेल आणि त्रास गिऱ्हाइकाला देत असाल तेव्हा. सर्व्हर बंद पडलाय, पुन्हा सगळं भरायला सांगताय, तर म्हणा 'प्लीज'.

## टप्पा ५: वाक्यातला क्रम

आधी जागा, मग अट, मग कृती. गरज असेल तर शेवटी काय दिसेल ते. मराठी माणसाला हे जड जायला नको, कारण आपलं क्रियापद मुळातच शेवटी येतं. 'पार्टी मास्टरमध्ये जाऊन, जीएसटी नंबर बदलला असेल तर, एडिट दाबा.' बोलताना आपण हाच क्रम ठेवतो आणि इंग्रजी लिहायला घेतलं की उलटा करतो.

चूक: 'क्लिक डिलीट इफ द बिल इज नॉट प्रिंटेड.' वाचणाऱ्याचा हात 'डिलीट'पाशीच चालतो, अट वाचेपर्यंत बिल गेलेलं असतं.

बरोबर: 'इफ द बिल इज नॉट प्रिंटेड, क्लिक डिलीट.'

धोक्याच्या सूचनेलाही हेच लागू. 'परत आणता येणार नाही' ही ओळ पायरीच्या वर येते, खाली नाही.

'इन केस' आणि 'इफ' यांत घोळ होतो. 'इन केस द प्रिंटर स्टॉप्स, कीप अ कॉपी' म्हणजे प्रिंटर बंद पडेल या भीतीने आधीच कॉपी ठेवा. बंद पडल्यावर काय करायचं ते सांगायचं असेल तर 'इफ'. 'वन्स'ऐवजी 'आफ्टर' लिहा. 'डेटा विल गेट सेव्ह्ड' नको, 'द डेटा इज सेव्ह्ड' म्हणा. पायरीचा परिणाम वर्तमानकाळात सांगतात.

वाक्य किती लांब? विमानाच्या देखभालीच्या मॅन्युअलसाठी एएसडी-एसटीई१०० नावाचं नियंत्रित इंग्रजी वापरतात. त्यात कृती सांगणाऱ्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे. ते लोक इतके काटेकोर की 'फॉलो' म्हणजे फक्त मागून येणं. सूचना पाळायच्या असतील तर तिथे 'ओबे' लिहितात. आपल्याला एवढं कडक व्हायची गरज नाही, पण २० शब्दांची मर्यादा घ्या.

आता एक पूर्ण नमुना. रावेरकडच्या एका केळीच्या काट्यासाठी असावी तशी सूचना, आपल्या नेहमीच्या इंग्रजीत:

'काइंडली फर्स्ट क्लिक ऑन वेट ऑप्शन अँड देन पुट व्हेइकल नंबर अँड वेट फॉर वेट टू कम, आफ्टर दॅट डेटा विल गेट सेव्ह्ड बाय एफ५, इन केस ऑफ राँग एंट्री सेम शुड बी रिमूव्ह्ड.'

यात वर सांगितलेल्या जवळपास सगळ्या चुका एका ओळीत आहेत. शिवाय एक नवी: 'वेट फॉर वेट'. थांबणं आणि वजन, दोन्हींचा उच्चार इंग्रजीतही एकच. कागदावर स्पेलिंग वेगळं दिसतं, पण आपल्या सूचना निम्म्या वेळा फोनवरून वाचून दाखवल्या जातात. 'सर, वेट म्हणतंय' असं काट्यावरून ऐकू आलं तर सपोर्टवाल्याने काय समजायचं? म्हणून वजनाला कधीच एकटं सोडू नका: भरलेल्या गाडीचं 'ग्रॉस वेट', रिकाम्या गाडीचं 'टेअर वेट', नुसत्या मालाचं 'नेट वेट'. आणि थांबायला सांगताना कशासाठी थांबायचं ते लिहा.

सुधारलेली सूचना:

१. 'ऑन द वेइंग टॅब, क्लिक न्यू स्लिप.'
२. 'इन द व्हेइकल नंबर बॉक्स, टाइप द ट्रक नंबर. एक्झाम्पल: एमएच१९…'
३. 'वेन द ग्रॉस वेट स्टॉप्स चेंजिंग, प्रेस एफ५. द स्लिप इज सेव्ह्ड.'
४. 'इफ द ट्रक नंबर इज राँग, क्लिक एडिट बिफोर यू प्रिंट.'

चौथ्या पायरीत 'रिमूव्ह' गेलं, कारण चुकीच्या पावतीत नंबर बदलायचा आहे, पावती काढायची नाही. मूळ लिहिणाऱ्यालाही तेच म्हणायचं होतं.

तपासा: प्रत्येक पायरीत कृती एकच आहे का? 'अँड देन' दिसलं की तिथे पायरी तोडा.

## टप्पा ६: विचारणारे आणि रागावणारे बॉक्स

मॅन्युअल कोणी उघडत नाही, पण पडद्यावर मध्येच उगवणारा बॉक्स प्रत्येकाला वाचावा लागतो. म्हणून शब्दांची सगळ्यात जास्त काळजी तिथे.

'डू यू वॉन्ट टू कॅन्सल द बिल?' खाली बटनं: 'ओके' आणि 'कॅन्सल'. बिल रद्द करायचंय, तर दाबायचं काय? 'कॅन्सल' दाबलं तर बिल रद्द होत नाही, रद्द करणं रद्द होतं. बटनावर 'ओके', 'येस' न लिहिता कृती लिहा: 'कॅन्सल बिल' आणि 'कीप बिल'. मग वरचा प्रश्न न वाचताही हात बरोबर जातो, आणि घाईत बहुतेक जण प्रश्न वाचतच नाहीत.

नकारार्थी प्रश्न तर आपल्या भागात हमखास फसवतात. 'यू डोन्ट वॉन्ट टू सेव्ह?' मराठीत 'सेव्ह नाही करायचं का?' असं विचारलं तर आपण म्हणतो 'हो, नाही करायचं.' आपलं 'हो' प्रश्नाशी सहमत होतं. इंग्रजीत त्याच ठिकाणी 'नो' येतं. म्हणजे मराठी वळणाने विचार करणारा 'येस' दाबतो आणि प्रोग्राम त्याचा अर्थ 'सेव्ह करा' असा लावतो, किंवा उलट. अशा बॉक्समध्ये 'नॉट' हा शब्दच येऊ देऊ नका.

चूक झाल्याचा संदेश देताना चूक काय आणि आता काय करायचं, दोन्ही सांगा. 'इनव्हॅलिड जीएसटी नंबर' वाचून मुनीम तोच नंबर पुन्हा भरतो. 'द जीएसटी नंबर मस्ट हॅव १५ कॅरेक्टर्स. यू टाइप्ड १४.' हे वाचून तो मोजतो. खानदेशातल्या पॅकेजला आणखी एक सोय करता येते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्र २७, गुजरात २४, मध्य प्रदेश २३. पार्टीचा पत्ता बऱ्हाणपूरचा आणि नंबर २७ने सुरू, तर 'चेक द स्टेट' म्हणा. हा संदेश अडवणारा नको, नुसता विचारणारा हवा, कारण परराज्यातल्या पार्टीची इथे वेगळी नोंदणी असू शकते.

तारखेचा नमुना देताना बारापेक्षा मोठा दिवस घ्या. '०५/०६/२०२५' पाहून पाच जून का सहा मे, ते कळत नाही. '२५/०६/२०२५' पाहून कळतं. रकमेचा स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, १,००,००० असा दाखवा, आणि वजन क्विंटलमध्ये भरायचं का किलोत, ते बॉक्सच्या नावातच लिहा.

## टप्पा ७: देशी इंग्रजीची झाडणी

फाइल पूर्ण झाली की हे शब्द शोधा आणि उडवा: 'डू द नीडफुल', 'सेम', 'अपडेशन', 'काइंडली', 'इंटिमेट', 'प्रिपोन'. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटतात, पण नुकसान करत नाहीत.

'रिव्हर्ट' मात्र नुकसान करतं. आपण ईमेलमध्ये उत्तर द्या या अर्थाने 'प्लीज रिव्हर्ट' लिहितो. सॉफ्टवेअरमध्ये 'रिव्हर्ट' म्हणजे केलेले बदल टाकून जुन्या स्थितीत जाणं. 'आफ्टर चेकिंग द रेट्स, रिव्हर्ट टू अस' असं लिहिलेल्या पानावर 'रिव्हर्ट' नावाचं बटनही असेल तर कोणीतरी ते दाबणारच. 'रिप्लाय' लिहा.

शोधताना सोबत 'क्लिक ऑन', 'विल गेट', 'शुड', 'अँड देन', 'ऑप्शन' हेही शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ८: दुसऱ्याच्या हाताने चाचणी

पॅकेज न वापरलेला माणूस बसवा. ऑफिसमधला शिपाई चालेल, शेजारच्या दुकानातला पोरगा चालेल, विद्यापीठातून प्रोजेक्टला आलेली मुलं चालतील, फक्त कोड लिहिणारे नकोत. त्याच्या हातात छापील सूचना द्या आणि तोंड बंद ठेवा. तो अडला की 'अरे तिथे वर बघ' म्हणायचं नाही. कुठल्या शब्दावर नजर परत फिरली, कुठे माउस दोन बटनांच्या मध्ये थांबला, तेवढं लिहून घ्या. त्याने विचारलंच तर उत्तर न देता प्रश्न जसाच्या तसा उतरवा. दुरुस्तीचा शब्द बऱ्याचदा त्याच्या प्रश्नातच असतो.

मग फोनवर चाचणी करा. सूचना दुसऱ्या खोलीतून वाचून दाखवा आणि समोरच्याने ऐकून काम करायचं. 'वेट'सारखे एकसारखे ऐकू येणारे शब्द इथे सापडतात, छापील चाचणीत नाहीत.

सावधान: चाचणीत अडलेल्या जागी लगेच जास्तीचं वाक्य घालू नका. आधी क्रियापद बदलून बघा, मग बटनाचं नाव. ते दोन्ही बरोबर असूनही तो अडला तरच वाक्य वाढवा.

टप्पा दोनची यादी प्रोग्रामरच्या मशीनवरही ठेवा, नुसती लिहिणाऱ्याकडे नको. नवा पडदा बनला की बटनाचं नाव त्या यादीतूनच घ्यायचं. यादीत नसलेला शब्द लागला तर आधी तो यादीत, मग बटनावर, मग सूचनेत.